सरकारी बिल्डिंगसाठी ईपीसी म्हणजे डिझाइन-बिल्ड घ्यावं का? दोन्ही बाजूंनी काम केलेल्याचा रिव्ह्यू

आधी मार्क देऊन टाकतो, ज्यांना घाई आहे ते सुटतील. पाचपैकी साडेतीन. नुसती पद्धत म्हणून, म्हणजे डिझाइन आणि बांधकाम दोन्ही एकाच कॉन्ट्रॅक्टरला देणं, मी साडेचार देईन, पण आपल्याकडे ती ज्या हातांनी चालते ते हात अजून बी-वन टेंडरच्या, म्हणजे मोजून बिल द्यायच्या जुन्या पद्धतीच्या, सवयीचे आहेत, तिथे एक मार्क जातो.

मी स्ट्रक्चरल कन्सल्टंट, म्हणजे फुटिंग-कॉलम-बीमवाला. आर्किटेक्ट नाही आणि कॉन्ट्रॅक्टर तर अजिबातच नाही. काही कामांत कॉन्ट्रॅक्टरच्या बाजूने डिझाइन करून दिलंय, काही कामांत डिपार्टमेंटच्या पीएमसी (प्रोजेक्टवर देखरेख करणारे कन्सल्टंट) टीममध्ये बसून दुसऱ्याने केलेलं डिझाइन तपासलंय, त्यामुळे शिव्या दोन्हीकडच्या ऐकल्यात. हल्ली ओळखीतले छोटे कॉन्ट्रॅक्टर आणि नवीन ऑफिस टाकलेले आर्किटेक्ट सारखे विचारतात की ईपीसीत शिरू का, एवढं काय असतं त्यात, म्हणून एकदाच लिहून टाकतोय. रस्ते, पूल, मेट्रो ह्यांचं इथे काही नाही, त्यांचं गणित वेगळं. इथे फक्त इमारती, म्हणजे हॉस्टेल, कोर्ट, हॉस्पिटल, प्रशासकीय भवन, पॉलिटेक्निक असल्या.

जुनं काय होतं ते थोडक्यात सांगायला लागेल. आपल्या पीडब्ल्यूडीत प्रशासकीय मान्यता झाली की नकाशा मुख्य वास्तुशास्त्रज्ञांच्या ऑफिसातून नाहीतर नेमलेल्या खाजगी आर्किटेक्टकडून येतो, स्ट्रक्चरल डिझाइन कोकण भवनातल्या संकल्पचित्र मंडळाकडून किंवा बाहेरच्या कन्सल्टंटकडून, मग अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता आणि मग टेंडर. बी-वन असेल तर कॉन्ट्रॅक्टर सगळ्या अंदाजपत्रकावर एकच टक्केवारी टाकतो, इतके टक्के बिलो नाहीतर इतके अबव्ह, बी-टू असेल तर आयटमनिहाय भाव. पुढे खोदाई, पीसीसी (पायाखालचं साधं काँक्रीट), स्टील, विटा, प्लास्टर, एकेक गोष्ट मोजून एमबीत, म्हणजे मोजमाप पुस्तकात, चढवायची आणि तेवढ्याचंच बिल. टेंडरमधल्या क्वांटिटीच्या वर २५ टक्क्यांपुढे गेलं की क्लॉज ३८, म्हणजे वाढीव क्वांटिटीचं कलम, टेंडरमध्ये नसलेलं काम निघालं की एक्स्ट्रा आयटम आणि त्याच्या रेट अॅनालिसिसची फाइल वरपर्यंत.

कागदावर हे अगदी न्याय्य आहे, जेवढं केलं तेवढे पैसे. गडबड कुठे होते तर खड्डा उघडल्यावर. सॉइल रिपोर्टमध्ये एक लिहिलंय आणि काळी माती खाली संपतच नाहीये, मुरूम लागत नाहीये, म्हणजे फुटिंग बदलायला हवं, म्हणजे नवीन ड्रॉइंग हवं. कॉन्ट्रॅक्टर पत्र टाकतो की ड्रॉइंग अप्राप्त सबब काम बंद, मुदतवाढ द्यावी. डिपार्टमेंट डिझायनरला पत्र टाकतं. डिझायनर म्हणतो सॉइल रिपोर्ट तुम्हीच दिला होता. तिघंही आपापल्या जागी बरोबर असतात आणि पोकलेन भाड्यावर नुसतं उभं असतं. ही भांडणं मी इतकी बघितलीत की पत्राची पहिली ओळ वाचून पुढची सांगू शकतो.

डिझाइन-बिल्डमध्ये हे त्रांगडं एका झटक्यात तुटतं, कारण डिझायनर आणि बांधणारा एकाच सहीखाली येतात. ड्रॉइंग उशिरा आलं तर कॉन्ट्रॅक्टर कोणाकडे बोट दाखवणार, ड्रॉइंग त्याच्याच माणसाने काढायचंय. भाव पण लमसम, एकूण एवढ्यात एवढी इमारत. फरक आचारी आणि केटररमधला आहे. आचाऱ्याला यादीप्रमाणे सामान आपण आणून द्यायचं आणि पुरलं नाही तर आपणच धावायचं, केटररला ताटाचा भाव ठरवून दिला की तेल किती लागलं हा त्याचा प्रश्न. पण मग ताटात काय काय हवं ते आधी ठरवून सांगावं लागतं ना, आणि पुढचं अर्धं रामायण तिथेच आहे.

त्याआधी एक गोष्ट, कारण लोक ईपीसी म्हणजे दिल्लीहून आलेलं नवीन फॅड समजतात. महाराष्ट्रात पाण्याच्या उंच टाक्या आणि पूल ह्यांची टेंडरं सी फॉर्मवर, लमसम, कॉन्ट्रॅक्टरच्या स्वतःच्या डिझाइनवर कित्येक वर्षांपासून निघतायत. गावागावात दिसणाऱ्या त्या टाक्यांपैकी बऱ्याच अशाच उभ्या राहिल्यात. तिथे ते जमलं कारण टाकीत घोळ घालायला फार जागाच नाही, किती लिटर, किती मीटर उंच, गळता कामा नये, झालं. हॉस्पिटलचं तसं नाही.

आता चालतं कसं. डिपार्टमेंट आधी गरजेचं डॉक्युमेंट बनवतं, त्याला कुणी एम्प्लॉयर्स रिक्वायरमेंट म्हणतं कुणी स्कोप ऑफ वर्क कुणी डिझाइन बेसिस रिपोर्ट, त्यात खोल्या, क्षेत्रफळ, कोड, स्पेसिफिकेशन, अप्रूव्ह्ड मेकची यादी. ह्यात दोन तऱ्हा दिसतात. एकात आर्किटेक्टचा प्लॅन आणि एलिव्हेशन आधीच पक्कं करून देतात आणि कॉन्ट्रॅक्टरने स्ट्रक्चर, प्लंबिंग, इलेक्ट्रिकल, फायर, एसी ह्यांचं डिझाइन करायचं. दुसऱ्यात प्लॅनसुद्धा कॉन्ट्रॅक्टरच्या आर्किटेक्टने काढायचा. पहिल्यात भानगडी कमी, दुसऱ्यात फायदा जास्त, आणि आपले साहेब लोक तोंडाने दुसरं म्हणतात पण पहिल्यासारखं वागतात. मग दोन लिफाफे, तांत्रिक आणि आर्थिक, मग वर्क ऑर्डर, मग प्लॅन मंजुरी, डिझाइन, प्रूफ चेकिंग (डिझाइनची तिऱ्हाइताकडून तपासणी) एखाद्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज नाहीतर आयआयटीकडून, मग त्या ड्रॉइंगवर 'गुड फॉर कन्स्ट्रक्शन' शिक्का, मग साइट. बिल मोजमापावर नाही तर टप्प्यांवर, प्लिंथ झाला इतके टक्के, पहिला स्लॅब झाला इतके टक्के. शेवटी टेस्टिंग, हँडओव्हर, आणि ठरलेली वर्षं दोषदायित्व, म्हणजे काही बिघडलं तर कॉन्ट्रॅक्टरने फुकट दुरुस्त करायचं.

जगात इतरत्र ह्यासाठी तयार करार आहेत. फिडिक ह्या कन्सल्टिंग इंजिनिअरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या १९९९च्या पुस्तकांत लाल पुस्तक मालकाच्या डिझाइनसाठी, पिवळं डिझाइन-बिल्डसाठी, चंदेरी टर्नकीसाठी (सगळं करून थेट किल्ली हातात), आणि २०१७ला तिन्हींच्या नव्या आवृत्त्या आल्या. चंदेरीत कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्यावर जवळपास सगळी रिस्क. आपल्याकडची काही टेंडरं नाव पिवळ्याचं घेतात आणि अटी चंदेरीपेक्षा कडक टाकतात, हे वाचणाऱ्याच्या लक्षात येत नाही कारण वाचतच कोणी नाही.

बरं, त्या गरजेच्या डॉक्युमेंटवर येतो कारण माझ्या मते ईपीसी चांगलं का वाईट हे नव्वद टक्के तिथेच ठरतं आणि त्याच्यावरच सगळ्यात कमी वेळ जातो. एका हॉस्टेलच्या कामात लिहिलं होतं, प्रत्येक मजल्यावर पिण्याच्या पाण्याची सोय. कॉन्ट्रॅक्टरने प्रत्येक मजल्यावर एक नळ दिला. वॉर्डन बाई भडकल्या की शंभर मुलींना एक नळ, कूलर कुठंय, आरओ कुठंय. पण कॉन्ट्रॅक्टर खोटं बोलत नव्हता हो, सोय लिहिलं होतं, सोय केली. आयटम रेट असता तर कूलर अंदाजपत्रकात दिसला असता नाहीतर एक्स्ट्रा आयटम म्हणून घेता आला असता. लमसममध्ये वर्क ऑर्डरनंतर मागितलेली प्रत्येक वस्तू म्हणजे चेंज ऑफ स्कोप, आणि स्पर्धा संपल्यावरचा भाव कसा असतो ते कोणालाही विचारा.

दुसरं उदाहरण हॉस्पिटलचं, आणि ह्यात कोणाची लबाडी नव्हती म्हणून ते जास्त सांगण्यासारखं आहे. डॉक्युमेंटमध्ये भिंतींसाठी नुसतं २०० मिमी जाडीचं बांधकाम लिहिलेलं, मटेरियल एएसी ब्लॉक (हलके, सच्छिद्र काँक्रीटचे) चालेल. कॉन्ट्रॅक्टरच्या डिझायनरने, म्हणजे अगदी बरोबर विचार करून, सगळीकडे एएसी धरलं कारण एएसीची घनता घनमीटरला ६०० किलोच्या आसपास, भाजक्या विटेच्या साधारण तिसरा हिस्सा, त्यामुळे इमारतीचं वजन कमी, भूकंपाचा फोर्स कमी, स्टील कमी. झकास. फक्त त्यात एक्स-रे रूम पण आली. एक्स-रेच्या खोलीला एईआरबी, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळ, जी नऊ इंची विटांची भिंत नाहीतर तिच्या तोडीचं शिसं बघतं ते रेडिएशन अडवायला, आणि अडवायला वजन लागतं. तेवढ्याच जाडीची हलकी भिंत तिथे कामाची नाही. ड्रॉइंग तपासताना ते पकडलं गेलं आणि त्या खोल्यांपुरतं विटांचं बांधकाम करून घेतलं, पण पैसे कोणाचे ह्यावर पत्रव्यवहार भरपूर झाला. रूम डेटा शीट नावाचा एक प्रकार असतो, प्रत्येक खोलीचं एक पान, त्यात मशीनचं वजन, प्लग किती, ऑक्सिजनची लाइन, भिंत कशाची, दार किती रुंद, तापमान किती. ते असतं तर हा विषयच निघाला नसता. हॉस्पिटलचं ईपीसी टेंडर रूम डेटा शीटशिवाय काढणाऱ्यांबद्दल माझं मत इथे लिहीत नाही.

माझ्या धंद्यातलं पण एक सांगतो. आयएस १८९३ ह्या भूकंपाच्या कोडच्या २०१६च्या आवृत्तीत हॉस्पिटल, शाळा असल्या इमारतींना इम्पॉर्टन्स फॅक्टर (इमारत किती महत्त्वाची त्याचा गुणक) १.५, आणि दोनशेच्या वर माणसं राहतील अशा रहिवासी किंवा कमर्शियल इमारतींना १.२, बाकीच्यांना १. हॉस्टेल कशात? कोडप्रमाणे माणसं मोजली की १.२ निघतं, पण मालकाला उद्या आपत्तीत तिथे लोकांना ठेवायचं असेल तर तो १.५ मागू शकतो. एकपासून दीडवर गेलं की भूकंपाचा हिशोबातला फोर्स थेट दीडपट. लमसममध्ये जो टेंडरला १ धरून भाव टाकतो तो स्वस्त दिसतो आणि एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी भाववाला, होतो. ही ओळ डॉक्युमेंटमध्ये लिहायला एक मिनिट लागतं. किल्लारीचा भूकंप झाल्याला तीस वर्षं उलटून गेलीत तरी लातूर-धाराशिवकडच्या एखाद्या टेंडरमध्येसुद्धा नुसतं 'संबंधित आयएस कोडप्रमाणे' एवढंच वाचलंय मी.

हे नीट केलं तर काय होतं त्याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण अमेरिकेतलं आहे, सरकारीच. कोलोरॅडोत गोल्डन नावाच्या गावी त्यांच्या ऊर्जा खात्याची, २०२५ पर्यंत एनआरईएल नावाची, अक्षय ऊर्जेची प्रयोगशाळा आहे, तिची रिसर्च सपोर्ट फॅसिलिटी ही ऑफिस बिल्डिंग २०१०ला लोक राहायला, म्हणजे बसायला, तयार झाली. २ लाख २२ हजार चौरस फूट, खर्च साधारण ६ कोटी ४० लाख डॉलर. त्यांनी काय केलं तर पैसे आधी जाहीर केले. इतके पैसे आहेत, ह्यात वाढ नाही, आता तुम्ही सांगा ह्यात काय काय देता. आणि मागण्यांच्या तीन थरांच्या याद्या केल्या, पहिल्या यादीतलं हवंच, दुसरीतलं फार हवंय, तिसरीतलं जमलं तर द्या. वर्षभरात जेवढी वीज वापरेल तेवढी स्वतः तयार करणारी इमारत ही मागणी त्या तिसऱ्या, जमलं तर वाल्या यादीत होती! ऊर्जेचा आकडासुद्धा लिहिला, दर चौरस फुटाला वर्षाला २५ हजार बीटीयू (ऊर्जा मोजायचं एकक), आणि पुढे जास्त माणसं आणि पूर्ण कॅम्पसचा डेटा सेंटर त्यात आल्यावर हिशोब करून तो ३५ हजाराच्या आसपास नेला. तीन टीम शॉर्टलिस्ट केल्या, जिंकलेल्या टीममध्ये हॅझेल्डन कन्स्ट्रक्शन बांधणारी आणि आरएनएल आर्किटेक्ट, आणि त्यांनी तिन्ही याद्या पूर्ण केल्या. ऑफिसचे विंग ६० फूटच रुंद ठेवले कारण त्याहून रुंद केलं तर मधल्या टेबलांना दिवसाचा उजेड पोचत नाही. आता बघा, हा निर्णय आर्किटेक्ट, एसीवाला, स्ट्रक्चरवाला आणि भाव काढणारा पहिल्या दिवसापासून एका टेबलावर असल्याशिवाय होत नाही. ह्याच्यासाठी डिझाइन-बिल्ड घ्यायचं असतं. फक्त भांडण मिटवायला नाही.

आणि हरलेल्या टीमना त्यांनी मानधन दिलं. हे वाचून आमच्या ऑफिसात सगळे हसले होते. आपल्याकडे टेंडरसाठी प्राथमिक डिझाइन फुकट करायचं, काम लागलं तर कॉन्ट्रॅक्टर बघू म्हणणार.

अमेरिकेत ह्यामागे कायद्याची पण पार्श्वभूमी आहे. १९७२च्या ब्रूक्स कायद्याने तिथे केंद्र सरकारला आर्किटेक्ट-इंजिनिअर निवडताना आधी लायकी बघायला लागते, भावाची बोलणी नंतर. डिझाइन-बिल्डमध्ये तर भाव बघणं भागच, मग १९९६ला त्यांनी दोन टप्प्यांची पद्धत कायद्यात आणली, पहिल्या टप्प्यात फक्त टीमची लायकी, भावाचा विषयच नाही, त्यातून शक्यतो पाचच्या आत टीम निवडायच्या आणि फक्त त्यांनीच पूर्ण प्रपोजल आणि भाव द्यायचा. म्हणजे वीस जणांनी फुकटची मेहनत करायची नाही.

आपल्याकडे काय आहे तर एल-वन. तांत्रिक लिफाफ्यात टर्नओव्हर, मागची कामं, मशिनरीचे कागद बघतात, पास किंवा नापास, आणि मग सगळ्यात कमी भाव. डिझाइन कसलं देणार ह्याला शून्य मार्क. केंद्राच्या वित्त मंत्रालयाने २९ ऑक्टोबर २०२१ला सूचना काढून कामांसाठीसुद्धा क्यूसीबीएस म्हणजे गुणवत्ता आणि भाव दोन्हीला वजन द्यायची मुभा दिली, गुणवत्तेला जास्तीत जास्त ३० टक्के. चांगली गोष्ट. पण मार्क देणं म्हणजे उद्या ऑडिटमध्ये उत्तर देणं, त्यामुळे अधिकारी त्या वाटेला जायला बिचकतात आणि मी त्यांना पूर्ण दोष देणार नाही, ज्याने कमी भाव सोडून चांगलं डिझाइन घेतलं त्याची चौकशी लागते, ज्याने एल-वन घेऊन गळकी इमारत घेतली त्याला कोणी विचारत नाही.

एल-वनचा इमारतीवर परिणाम नेमका कुठे दिसतो ते पण सांगतो. स्ट्रक्चरमध्ये सहसा नाही, कारण ते प्रूफ चेक होतं आणि कोड आडवा येतो. दिसतो तो जिन्याच्या रुंदीत, कॉरिडॉरच्या उंचीत, डक्टच्या साइजमध्ये, खिडकीच्या सेक्शनमध्ये, टॉयलेटच्या वॉटरप्रूफिंगमध्ये, म्हणजे जिथे डॉक्युमेंट ढिलं आहे तिथे तिथे. कोडातला किमान आकडा हा कॉन्ट्रॅक्टरसाठी कमाल आकडा होऊन बसतो. नवीन संसद भवनाचं उदाहरण घ्या, तिथे आर्किटेक्ट बिमल पटेलांची एचसीपी वेगळी निवडलेली होती आणि बांधकामाच्या भावात टाटा प्रोजेक्ट्स ८६१.९० कोटी आणि एल अँड टी ८६५ कोटी, जेमतेम तीन कोटींचा फरक. मला विचाराल तर सगळे एकाच इमारतीचा भाव टाकत असले की आकडे असे लागून येतात. जिथे प्रत्येक जण मनातल्या वेगळ्या इमारतीचा भाव टाकतो तिथे सगळ्यात स्वस्त भाव म्हणजे बहुतेक वेळा सगळ्यात कमी इमारत.

आता बी-वनची सवय म्हणतो ती काय. टप्प्याचं बिल आहे, स्लॅब झाला, ड्रॉइंगप्रमाणे आहे, काँक्रीटची क्यूब टेस्ट पास आहे, मग पैसे द्यायचे, एवढं सोपं. पण बिल लावलं की ज्युनिअर इंजिनिअर मोजमाप मागतो. स्टील किती टन लागलं? अंदाजपत्रकात धरलं होतं त्यापेक्षा कमी का? मग रिकव्हरी, म्हणजे बिलातून कपात, दाखवू का? अहो, डिझाइन चांगलं करून स्टील वाचवलं तर तो फायदा कॉन्ट्रॅक्टरचा, हेच तर लमसम, जास्त लागलं असतं तर तुम्ही दिले असते का? हा संवाद मी वेगवेगळ्या ऑफिसांत जवळजवळ शब्दशः ऐकलाय. चूक त्या पोराची नाही, त्याला ऑडिटची भीती आहे आणि ऑडिटच्या चेकलिस्टमध्ये एमबीचा रकाना आहे. पण ह्याने होतं काय की लमसमची रिस्क कॉन्ट्रॅक्टरवर आणि आयटम रेटची कागदपत्रंही त्याच्यावरच.

उलट बाजूने कॉन्ट्रॅक्टर पण साधे नाहीत. टप्प्यांची टक्केवारी ठरवताना पायापासून स्लॅबपर्यंत वजन जास्त टाकून घेतात. आरसीसीत पैसे निघून गेले की फिनिशिंगला साइटवर चार माणसं दिसतात. पीएमसीत असताना मी पहिल्यांदा तो टक्केवारीचा तक्ता बघतो, टेस्टिंग-कमिशनिंग, फायर एनओसी, लिफ्टचं लायसन्स आणि ॲज-बिल्ट ड्रॉइंग ह्यांच्यावर दणकट टक्के राखून ठेवलेले नसतील तर ती इमारत नव्वद टक्क्यांवर रखडणार हे धरून चालायचं. पैसे वेळेवर देण्याबद्दल त्याच २०२१च्या सूचनांमध्ये एक चांगलं कलम आहे, बिल सादर केल्यापासून १० कामाच्या दिवसांत किमान ७५ टक्के तात्पुरते द्या आणि पूर्ण तपासून उरलेले २८ कामाच्या दिवसांत. केंद्राच्या कामांना लागू. राज्याच्या कामांतले कॉन्ट्रॅक्टर हे वाचून सुस्कारा टाकतात.

मंजुऱ्यांबद्दल. डिझाइन-बिल्डचा वेळ वाचतो तो ओव्हरलॅपमुळे, म्हणजे वरच्या मजल्यांचं डिझाइन चालू असताना पाया सुरू. त्यासाठी पायाचं ड्रॉइंग वेगळं, आधी मंजूर करायला लागतं. आपल्याकडे प्रूफ चेकर म्हणतो पूर्ण इमारतीचं मॉडेल दिल्याशिवाय फुटिंग बघणार नाही, त्याचंही बरोबर आहे एका अर्थाने, आणि आर्किटेक्चरल प्लॅन युजर डिपार्टमेंटकडे पडलाय कारण तिथले मोठे साहेब बदलले आणि नव्या साहेबांना केबिन दक्षिणेला नकोय. एक केबिन हलली की खालचा कॉलम हलतो, कॉलम हलला की परत प्रूफ चेक. करारात मंजुरीला मुदत लिहिलेली असते, इतक्या दिवसांत शेरा आला नाही तर मंजूर समजावं, पण ते कलम वापरून काम सुरू करणारा शूर कॉन्ट्रॅक्टर मला अजून भेटायचाय.

जमिनीची रिस्क हा वेगळाच विषय. टेंडरबरोबर दोन-चार बोअरचा रिपोर्ट जोडतात आणि खाली लिहितात, हा फक्त माहितीसाठी, कॉन्ट्रॅक्टरने स्वतः खात्री करावी. टेंडर भरायला जेमतेम तीन आठवडे, त्यात कोण बोअर मारणार? मग शहाणा कॉन्ट्रॅक्टर भीती म्हणून भाव वाढवतो आणि हरतो, बेफिकीर कॉन्ट्रॅक्टर काहीच धरत नाही आणि जिंकतो, आणि काळी माती निघाल्यावर आमच्या मागे लागतो की पाइल (खोल खांबांचा पाया) नको, कसंतरी राफ्टवर (सलग स्लॅबच्या पायावर) बसव. डिपार्टमेंटने आधी नीट तपासणी करून आकडे पक्के दिले आणि ह्यापेक्षा वेगळं निघालं तर आम्ही बघू असं लिहिलं तर सगळ्यांचेच भाव खाली येतील, कारण भीतीचे पैसे कोणाला लावायला लागणार नाहीत. भाववाढीचं तसंच. २०२१-२२ला स्टील भडकलं तेव्हा भाववाढ कलम नसलेल्या लमसम कामांत कॉन्ट्रॅक्टर अक्षरशः रडत होते. वर १८ जुलै २०२२पासून सरकारी वर्क्स कॉन्ट्रॅक्टवरचा जीएसटी १२चा १८ टक्के झाला, ज्यांच्या करारात कर बदलाचं कलम होतं ते वाचले.

तर घ्यावं का. डिपार्टमेंटवाल्यांना सांगेन की एकसारख्या, परत परत बांधायच्या इमारतींना डोळे झाकून घ्या, हॉस्टेल, पोलिस क्वार्टर, गोदाम, ट्रेनिंग सेंटर, तिथे काय हवं ते माहीत असतं आणि प्रीकास्ट किंवा अॅल्युमिनियम फॉर्मवर्क कॉन्ट्रॅक्टर स्वतःहून आणतो कारण वेग त्याच्या फायद्याचा असतो, ह्या कामांना माझे साडेचार. हॉस्पिटल आणि लॅबला रूम डेटा शीट आणि टेंडर बनवायला वेगळा अनुभवी कन्सल्टंट असेल तरच घ्या, असेल तर चार, नसेल तर दोन. जुन्या इमारतींची दुरुस्ती, हेरिटेज, रिनोव्हेशन ह्यांना मुळीच नको, भिंत फोडल्याशिवाय आत काय आहे कोणाला माहीत नसतं आणि लमसम भाव म्हणजे दोघांपैकी एकाची फसवणूक, तिथे बी-टूच बरं. आणि ज्या युजरला दर महिन्याला नवीन कल्पना सुचते त्याला तर लांबूनच नमस्कार.

छोट्या कॉन्ट्रॅक्टर मित्रांना, टर्नओव्हरच्या अटीमुळे एकट्याने तसंही बसणार नाही, मोठ्याबरोबर जॉइंट व्हेंचर करणार असाल तर डिझाइनची जबाबदारी कागदावर कोणाची आहे ते आधी वाचा, सही दोघांची असली की वसुली दोघांकडून होते.

आणि आमच्या कन्सल्टंट लोकांना. कॉन्ट्रॅक्टर तुमचा मालक असेल ह्या कामात, डिपार्टमेंट नाही, त्यामुळे रात्री फोन येणार की सळईचा दोन एमएम डाय, म्हणजे व्यास, कमी होतो का बघा. होत नसेल तर लेखी नाही म्हणायची तयारी ठेवा, स्टॅबिलिटी सर्टिफिकेटवर नाव तुमचं जातं. फी ड्रॉइंग सबमिट करण्याला बांधा, मंजुरीला नाही, मंजुरी कधी येईल ते वर लिहिलंच आहे. साहेब बदलल्यामुळे होणाऱ्या रिव्हिजनचे पैसे वेगळे धरा. ॲज-बिल्ट ड्रॉइंगची फी पण पहिल्याच दिवशी वेगळी लिहून घ्या, शेवटच्या बिलाच्या वेळी ती सगळे फुकट मागतात.